आचारसंहितेतली ‘ऑनेस्टी’ मराठीत कशी लिहावी?

वाचकाचं पत्र

मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान पतसंस्थेचा मानद सचिव आहे. संस्थेची आचारसंहिता इंग्रजीत तयार होऊन आली, तिचं मराठी करायचं काम माझ्याकडे आहे. पहिलंच कलम ‘ऑनेस्टी’चं. मी ‘इमानदारी’ लिहिलं. एक संचालक म्हणाले, हा शब्द परका आहे, ‘प्रामाणिकपणा’ लिहा. दुसऱ्यांचं म्हणणं, ‘प्रामाणिक’ हेच मुळात इंग्रजीवरून पाडलेलं भाषांतर आहे. उलट इमान म्हणजे आपला ‘मान’च, त्यात परकं काय? एक निवृत्त शिक्षक सभासद ‘सचोटी’वर अडून बसलेत. घरी नववीतल्या मुलीनं तिसरंच काढलं: ऑनेस्टमधला एच उच्चारायचा नाही, तर लिहायचा कशाला? या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो आला कुठून, आणि शेवटी मी लिहू काय?

उत्तर

नमस्कार.

आधी निर्णय सांगून टाकू, कारणं मागाहून. कलमाचं शीर्षक ‘प्रामाणिकपणा’ ठेवा. मजकुरात सभासदांशी होणाऱ्या व्यवहाराला ‘सचोटी’ वापरा, नोंदींना ‘खऱ्या’ म्हणा आणि हिशेबाला ‘चोख’. ‘इमानदारी’ इथे नको, पण तुमचे संचालक सांगतात त्या कारणासाठी नव्हे. ते कारण पहिल्याच पानावर कोसळतं.

इंग्रजी शब्दापासून सुरुवात करू, कारण त्याची भावंडं तुमच्या ओळखीची आहेत. मानद सचिवाला इंग्रजीत ऑनररी सेक्रेटरी म्हणतात आणि मानधनाला ऑनरेरियम. ऑनर, ऑनररी, ऑनरेरियम आणि ऑनेस्ट हे सगळे लॅटिन ‘होनोस’चे वंशज, ‘होनोर’ हे त्याचंच नंतरचं रूप. होनोस म्हणजे मान, लौकिक, आणि शिवाय सार्वजनिक पद. रोममध्ये माणूस क्वेस्टर, प्रेटर, कॉन्सल असा पायरीपायरीनं वर जाई. पदांच्या त्या क्रमालाच ‘कुर्सुस होनोरुम’ म्हणत. होनोसवरून ‘होनेस्टुस’ हे विशेषण झालं: मान असलेला, प्रतिष्ठित. खरं बोलण्याशी त्याचा थेट संबंध नव्हता. मराठीत त्याच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द ‘अब्रूदार’ असेल. होनोसच्या मागचं मूळ अभ्यासकांना ठरवता आलेलं नाही, त्यामुळे त्याची संस्कृतशी सोयरीक जुळवणारा मजकूर कुणी फोनवर धाडला तर तो तिथेच थांबवावा.

लॅटिनमधून हा शब्द जुन्या फ्रेंचमध्ये गेला आणि तिथून साधारण १३०० च्या सुमारास इंग्रजीत उतरला. उतरताना अर्थ जुनाच होता. सभ्य घरातला माणूस ऑनेस्ट, नीटनेटका पोशाख ऑनेस्ट, रीतसर झालेले अंत्यसंस्कारही ऑनेस्ट. स्त्रीला लावला की अर्थ शीलाकडे वळे. शेक्सपिअरच्या नाटकात हॅम्लेट आपल्या प्रेयसीला, ऑफेलियाला, ‘तू ऑनेस्ट आहेस का?’ असं विचारतो, तेव्हा ती खोटं बोलते का एवढंच तो विचारत नसतो. रोख तिच्या शीलावर असतो. एखाद्या मुलीशी संबंध ठेवून मग तिच्याशी लग्न करणं याला ‘तिला ऑनेस्ट वुमन करणं’ म्हणायची इंग्रजी रीतही त्याच अर्थावर उभी आहे. लोकांत तोंड वर करून वावरता येणं, हे तिथलं ऑनेस्ट.

‘ऑथेल्लो’ हे शेक्सपिअरचंच साधारण १६०३-०४ मधलं नाटक या शब्दासाठीच वाचण्याजोगं आहे. ऑनेस्ट आणि ऑनेस्टी मिळून तिथे पन्नासाहून अधिक वेळा येतात, आणि त्यांतले पुष्कळसे इयागोच्या वाट्याला, म्हणजे नाटकातल्या सर्वांत लबाड माणसाच्या. त्याला ऑनेस्ट म्हणणारी माणसं ‘हा खरं बोलतो’ एवढंच म्हणत नसतात. ‘गडी फटकळ आहे पण भला आहे’ असा तो शेरा आहे, आणि हाताखालच्या माणसाची पाठ थोपटताना लागतो तो वरचढ सूरही त्यात ऐकू येतो. ऑथेल्लोची बायको डेस्डिमोना हिच्यासाठी तोच शब्द आला की पुन्हा शील. भाषांतर करणाऱ्यानं दर ठिकाणी डोळे मिटून ‘प्रामाणिक’ टाकलं, तर नाटकातला अर्धा खेळ मरतो.

पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत हा पसारा आवरत जाऊन ‘फसवत नाही, खोटं बोलत नाही’ एवढा अर्थ उरला. अब्रूपासून व्यवहाराकडे हा शब्द का सरकला, हे पतसंस्थेच्या माणसाला समजावून सांगायला नको. ज्याचा लौकिक चांगला, त्यालाच उधार मिळतं. आणि लौकिक टिकतो तो दिलेला शब्द पाळल्यानं. जर्मन भाषेतही हेच झालं: ‘एहरे’ म्हणजे मान आणि त्यावरून ‘एहरलिख’ म्हणजे प्रामाणिक. स्पॅनिशनं मात्र वाटणी केली. पैशाच्या व्यवहारातला प्रामाणिक तो ‘ओनरादो’, आणि ‘ओनेस्तो’मध्ये सोज्वळपणाची जुनी छटा बरीच टिकून राहिली. इंग्रजीत ‘ऑनेस्टी’ नावाचं एक बागेतलं फुलझाडही आहे, शास्त्रीय नाव लुनारिया ॲनुआ. त्याच्या सुकलेल्या शेंगा चपट्या आणि पारदर्शक असतात, आतलं बी बाहेरून दिसतं. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी लागेल.

आता मुलीचा प्रश्न. लॅटिनमधला ‘ह’ बोलण्यातून रोमन काळातच गळायला लागला होता, आणि लॅटिनपासून निघालेल्या फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज या भाषांत तो उच्चारला जात नाही. इटालियन लोकांनी लिहिणंही सोडलं, त्यांचा शब्द ‘ओनेस्तो’ थेट ओ पासूनच सुरू होतो. जुन्या फ्रेंचमध्येही तो पुष्कळदा एचशिवाय लिहिला जाई. पण लॅटिन शिकलेल्या लेखकांना मूळ शब्दातलं अक्षर गाळणं पटेना, त्यांनी ते लेखनात परत आणलं. इंग्रजीनं अशा शब्दांचा न उच्चारलेला एच लेखनासकट उचलला. नंतर लोक जसं लिहिलंय तसं वाचू लागले आणि हॉस्पिटल, ह्यूमन, हॉरिबल यांत ‘ह’ बोलण्यात शिरला. ‘हम्बल’ तर एकोणिसाव्या शतकापर्यंत रेंगाळला. डिकन्सच्या १८५० साली पूर्ण झालेल्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधला युरिया हीप सतत ‘अम्बल, अम्बल’ करत असतो. ‘हर्ब’ ब्रिटनमध्ये ह सकट, अमेरिकेत ह शिवाय. जुना उच्चार धरून राहिलेले नेहमीच्या वापरातले शब्द चारच: ऑनेस्ट, ऑनर, अवर आणि वारस या अर्थाचा एअर. त्यांच्यापासून साधलेले ऑनररी, ऑनरेबल, एअरेस वगैरे त्यांच्यामागून येतात. हाउस, हँड, हार्ट हे शब्द लॅटिनचे नाहीत, इंग्रजीच्या स्वतःच्या जर्मानिक घरातले आहेत, म्हणून प्रमाण इंग्रजीत त्यांचा ह कधी गळलाच नाही. आणि इंग्रजीत ‘अ’ की ‘ॲन’ हे कानावर ठरतं, अक्षरावर नाही. म्हणून ॲन ऑनेस्ट मॅन, पण अ हाउस.

मुलीला मराठीतला पुरावाही दाखवता येईल. आपलं ‘इस्पितळ’ पोर्तुगीजांकडून आलं. त्यांच्या शब्दात एच लिहिलेला असतो पण म्हणतात ‘ओश्पिताल’च्या जवळपास. मराठी माणसानं कानावर पडलं ते घेतलं, म्हणून इस्पितळाला ह नाही. पुढे तोच शब्द इंग्रजांकडून परत आला, तो मात्र ह घेऊन. एकाच शब्दाच्या दोन फेऱ्या, आणि दोन्ही आजच्या मराठीत नांदताहेत.

आता मराठीकडे. इथे तुमच्या दुसऱ्या संचालकांनी काढलेला ‘मान’ उपयोगी पडतो, फक्त त्यांनी तो चुकीच्या शब्दात शोधला. संस्कृतात ‘मान’ दोन आहेत. एक ‘मन्’ धातूपासूनचा: आदर, सन्मान. दुसरा ‘मा’ धातूपासूनचा: मापणं, मोजणं. परिमाण, अनुमान, मोजमापातलं ‘मान’ हे दुसऱ्या घरचे. इंग्रजी ऑनेस्ट पहिल्या मानाच्या अर्थातून वाढला. आपला ‘प्रामाणिक’ दुसऱ्याच्या. प्र + मा + अन मिळून ‘प्रमाण’, म्हणजे ज्यानं नीट मोजता येतं, ज्यानं एखादी गोष्ट खरी ठरते ते साधन. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, ज्ञानाची चार प्रमाणं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यांतल्या ‘शब्द’ याचा अर्थ विश्वासार्ह माणसाचं सांगणं. प्रामाणिक म्हणजे प्रमाणाला धरून असलेला, आणि म्हणून ज्याचं सांगणं प्रमाण मानावं असा. तिथून ‘खोटं न वागणारा’ इथवर यायला एकच पाऊल लागतं.

हे पाऊल सगळ्या भाषांनी टाकलेलं नाही, आणि हिंदीशी व्यवहार करताना नेमकं तिथे घसरायला होतं. मराठी, गुजराती आणि कन्नड या तिन्हींत प्रामाणिक म्हणजे न फसवणारा. हिंदीत ‘प्रामाणिक दस्तावेज़’ म्हणजे अस्सल, अधिकृत कागद; माणसाच्या गुणासाठी तिथे ‘ईमानदार’. बंगालीत तर प्रामाणिक हे आडनाव आहे. शेजारच्या तीन भाषांनी संस्कृत शब्दाला सारखंच वळण दिलं असेल, तर तो इंग्रजांच्या ऑनेस्टवरून बेतला हे म्हणणं फारसं धरवत नाही. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही तो संस्कृतची खूण लावून आला आहे. भाषांतरातून पडलेला शब्द पाहायचाच असेल तर ‘प्रामाणिकपणे सांगायचं तर’ हा प्रयोग बघा. टू बी ऑनेस्टची ती सरळ नक्कल आहे. मराठी माणूस ‘खरं सांगायचं तर’ म्हणतो.

शुद्धलेखनाचं इथेच उरकून घेऊ, कारण छापताना हा शब्द हमखास चुकतो. ‘इक’ प्रत्यय लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते: समाजचं सामाजिक, भूगोलचं भौगोलिक, इतिहासचं ऐतिहासिक, तसं प्रमाणचं प्रामाणिक. म्हणून ‘प्रमाणिक’ चूक, आणि णि ऱ्हस्व असल्यामुळे ‘प्रामाणीक’ही चूक. ण का, असं कुणी विचारलं तर: आधीच्या र मुळे न चा ण झाला. प्रमाण, परिमाण, निर्माण यांत र आहे म्हणून ण. अनुमान, उपमान, विमान यांत र नाही म्हणून न. विरुद्ध अर्थी शब्द अप्रामाणिक. भाववाचक नाम प्रामाणिकपणा. ‘प्रामाण्य’ मात्र वेगळं: ग्रंथप्रामाण्य, आगरकरांच्या संदर्भात येतं ते बुद्धिप्रामाण्य. तिथे अर्थ ‘प्रमाण मानणं’ असा आहे, प्रामाणिकपणाचं आखूड रूप म्हणून ते वापरू नका.

‘इमान’ अरबी आहे. मूळ शब्द ‘ईमान’, म्हणजे श्रद्धा. अरबीत शब्द व्यंजनांच्या सांगाड्यावर उभे राहतात, इथला सांगाडा अ-म-न. सुरुवातीची ई त्या साच्यातून आलेली आहे, मानाला जोडलेला उपसर्ग नव्हे. त्याच सांगाड्यावर अमन, अमीन, मोमिन आणि अमानत हे शब्द आहेत. प्रार्थनेच्या शेवटचं ‘आमेन’ हिब्रूतून आलं, पण मूळ तेच सेमिटिक. आणि अमानत मराठीत येताना म आणि न यांची अदलाबदल होऊन झाली ‘अनामत’. तुमच्या कार्यालयात दर पावतीवर छापलेली अनामत रक्कम इमानाची सख्खी नातलग आहे. शेवटचा ‘दार’ फारसी, ‘बाळगणारा’ या अर्थाचा. संस्कृत ‘धृ’ धातूचा तो लांबचा भाऊ. ठेवीदारातली ठेव मराठी आणि दार फारसी, तरी कुणाला खटकत नाही.

म्हणून परकेपणाचा आक्षेप तुमच्या संस्थेत तरी काढू नये. कर्ज, जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, मुदत, हप्ता, जामीन, तारीख, हिशेब, नफा, अर्ज, मंजूर, शिक्का, सही: सगळे अरबी-फारसी. हे वगळलं तर संचालक मंडळाच्या सभेचं इतिवृत्त लिहिता येणार नाही. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो राजकारभारातल्या यावनी, म्हणजे अरबी-फारसी, शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच. तरी लोकांच्या तोंडी बसलेले असे कितीतरी शब्द हलले नाहीत.

इमानदारी नको म्हणतो ती अर्थासाठी. मराठीत इमानाचा कल निष्ठेकडे आहे. इमानी कुत्रा, इमानी नोकर, खाल्ल्या मिठाला जागणं, इमानेइतबारे चाकरी (यातला इतबारही अरबी, म्हणजे भरवसा): हे सगळं कुणाशी तरी असतं. अध्यक्षांच्या मेव्हण्याचं थकीत कर्ज ताळेबंदात झाकून ठेवणारा लेखनिक अध्यक्षांशी पुरेपूर इमान राखतो. त्याला अप्रामाणिक म्हणता येतं, बेइमान म्हणताना जीभ अडखळते. आचारसंहितेला नको आहे तो हाच घोटाळा. जाता जाता: नकारासाठी संस्कृत शब्दाला ‘अ’ लावा, फारसी-अरबीला ‘बे’ किंवा ‘गैर’. ‘अइमानी’ कुणी लिहीत नाही, तसंच उलटही करू नये.

शिक्षकांची ‘सचोटी’ चांगली आहे. सत्य, प्राकृतात सच्च, जुन्या मराठीत साच, त्या घराण्यातला हा शब्द. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ‘साच आणि मवाळ’ अशा शब्दांचं वर्णन येतं, ते हेच साच. पण सचोटीला विशेषण नाही. ‘सचोटीचा व्यवहार’, ‘सचोटीनं वागणं’ इथे ती शोभते, ‘सचोट कर्मचारी’ म्हणता येत नाही. शीर्षकात असा शब्द लागतो ज्याची सगळी रूपं पुढच्या मजकुरात वापरता येतील, आणि ती सोय प्रामाणिकमध्ये आहे.

संस्कृतची हौस असलेलं कुणीतरी ‘निर्व्याज’ सुचवेल. शब्द सुंदर आहे. संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे कपट, बहाणा; व्याजस्तुती या अलंकारात तोच आहे, आणि निर्व्याज म्हणजे निष्कपट. पण पतसंस्थेच्या कागदावर ‘निर्व्याज सेवा’ छापलंत तर दुसऱ्या दिवशी बिनव्याजी कर्ज मागायला रांग लागेल. ‘आर्जव’चं तसंच. ऋजू म्हणजे सरळ, त्यावरून आर्जव म्हणजे सरळपणा, गीतेत तो गुण म्हणून आला आहे. मराठीत आर्जव करणं म्हणजे विनवण्या करणं. दोन्ही शब्द कवितेसाठी राखून ठेवा.

तुमच्या इंग्रजी मसुद्यात ऑनेस्ट दर ओळीला वेगळ्या कामाला लावलेला असणार. ऑनेस्ट रेकॉर्ड्स म्हणजे खऱ्या आणि पूर्ण नोंदी. ऑनेस्ट अकाउंट्स म्हणजे चोख हिशेब. चोख हा संस्कृत चोक्ष, म्हणजे शुद्ध, याचा वंशज. ऑनेस्ट ओपिनियन हे स्पष्ट किंवा परखड मत. ऑनेस्ट एफर्ट्सना ‘प्रामाणिक प्रयत्न’ रुळलं आहे, ते राहू द्या. ऑनेस्ट मिस्टेकला मात्र ‘प्रामाणिक चूक’ लिहू नका, चूक कधी प्रामाणिक नसते. ‘नकळत झालेली चूक’ किंवा ‘हेतू नसताना झालेली चूक’ लिहा.

इथे कायद्याकडेही एक नजर टाकावी लागते. अप्रामाणिकपणे वागणं याची फौजदारी कायद्यात व्याख्या आहे: एकाला गैरमार्गानं लाभ किंवा दुसऱ्याचं गैरमार्गानं नुकसान व्हावं, या हेतूनं केलेली कृती. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ती कलम २४ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम २ मधल्या व्याख्यांत गेली. तिथे खोटं बोलणं हा मुद्दाच नाही, हेतू आणि मालमत्ता हे दोनच मुद्दे आहेत. ‘सद्भावनेनं केलेलं कृत्य’ याचा तर दोन कायद्यांत दोन प्रकारे अर्थ लागतो. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टप्रमाणे काम खरोखर प्रामाणिकपणे केलं असेल तर ते सद्भावनेनं केलेलं ठरतं, मग त्यात निष्काळजीपणा असो वा नसो. फौजदारी कायदा म्हणतो, योग्य काळजी आणि लक्ष नसेल तर ती सद्भावना नव्हेच. यातून तुमच्यासाठी निघणारी गोष्ट अशी: प्रामाणिकपणा लिहिला म्हणजे काळजी आपोआप त्यात आली असं धरू नका. सही करण्याआधी न वाचणारा संचालक प्रामाणिक असू शकतो आणि तरी संस्था बुडवू शकतो. काळजीचं वाक्य वेगळं लिहा.

मसुदा साधारण असा करता येईल, फेरफार तुम्ही करा:

‘प्रामाणिकपणा. संचालक, पदाधिकारी व कर्मचारी सभासदांशी सचोटीने व्यवहार करतील. संस्थेच्या नोंदी खऱ्या व पूर्ण असतील आणि त्या त्याच दिवशी केल्या जातील. रोख शिल्लक व रोजकीर्द यांचा मेळ दररोज घातला जाईल. कोऱ्या धनादेशावर किंवा कोऱ्या व्हाउचरवर कोणीही सही करणार नाही व सही घेणार नाही. स्वतःच्या अथवा नातेवाइकाच्या कर्जप्रस्तावाच्या वेळी संबंधित संचालक ते नाते सभेत आधी सांगतील व निर्णयात भाग घेणार नाहीत. नकळत झालेली चूक लक्षात येताच ती लेखी कळवली जाईल. मूळ नोंदीत खाडाखोड न करता दुरुस्तीची स्वतंत्र नोंद केली जाईल. प्रत्येक कागद वाचून व खातरजमा करून मगच त्यावर सही केली जाईल.’

यात गुणवाचक शब्द मोजकेच आहेत आणि बाकी सगळ्या कृती आहेत, हे मुद्दाम केलं आहे. ‘कर्मचारी प्रामाणिक असावा’ या वाक्याचा भंग झाला का, हे ठरवता येत नाही. कोऱ्या व्हाउचरवर सही आहे की नाही, हे शिपाईसुद्धा सांगू शकतो. ‘नातेवाईक’ म्हणजे कोण हे मात्र सहकार कायदा आणि तुमच्या उपविधींप्रमाणे वकिलांकडून पक्कं करून घ्या. चुलतभाऊ धरायचा की नाही, यावर सभेत तासभर जातो.

शब्दांची मुळं यापुढे स्वतःच तपासायची असतील तर फार खर्च नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८) हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात. शब्द सापडला की आधी कंसातली खूण बघा: संस्कृत, अरबी, फारसी की हिंदुस्तानी. मोल्सवर्थमधलं इंग्रजी दीडशेहून अधिक वर्षं जुनं आहे, तेव्हा त्यानं दिलेला इंग्रजी प्रतिशब्द आजच्या अर्थानं वाचू नका. ऑनेस्टचीच कुळकथा वर पाहिलीत. अरबी-फारसी शब्दासाठी माधवराव पटवर्धन यांचा १९२५ चा फार्शी-मराठी कोश आणि एकूण व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा मराठी व्युत्पत्ति कोश जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या ग्रंथालयांत विचारून पाहा. दोन कोशांत मतभेद दिसला तर कुठला शब्द कधी, कुणाबरोबर आला आणि मधल्या काळातलं त्याचं रूप कुठे लिहिलेलं सापडतं, हे विचारा. ध्वनी जुळतो एवढ्यावर नातं लावायचं नाही. ‘इमान’ आणि ‘मान’ यांचा ध्वनी जुळतोच की.

छपाईला देण्याआधी एक पाहून घ्या. दर्शनी फलकावर हिंदी मजकूरही लावणार असाल, तर तिथे शीर्षक ‘ईमानदारी’ असू द्या, ई दीर्घ.